'थॉर'वाल्या गाण्याच्या बँडनं आवाज कमी केला आणि समीक्षक चिडले. तेव्हा जगातला सगळ्यात दणदणीत ड्रमर चमचे वाजवत होता

'थॉर: रॅग्नारॉक' बघितलाय ना? २०१७ चा. शेवटच्या मारामारीत थॉरच्या अंगातून विजा निघायला लागतात आणि मागे एक गाणं सुरू होतं. सुरुवातीलाच एक लांब आरोळी, खाली घोडं दौडल्यासारखा ठेका. सिनेमा बघितला नसेल तरी रील्सवर ते गाणं तुमच्या कानावरून गेलंच असणार. त्याचं नाव 'इमिग्रंट साँग' आणि बँडचं नाव लेड झेपलिन.

हे गाणं ज्या रेकॉर्डवर पहिलंच आहे ती 'लेड झेपलिन थ्री'. ती ऑक्टोबर १९७० मध्ये आली. आता कल्पना करा, तुम्ही त्या काळातले फॅन आहात. दुकानासमोर रांग लावून रेकॉर्ड आणली, सुई ठेवली, आरोळी आली, अंगावर काटा आला. आणि अडीच मिनिटांत गाणं संपून पुढे सुरू झाली साधी लाकडी गिटार. ड्रम गायब. मग थोडा दंगा झाला, जरा बरं वाटलं. रेकॉर्ड उलटवली, तर मागच्या बाजूला बँजो, मँडोलिन, शेकडो वर्षं जुनं लोकगीत आणि चक्क कुत्र्यावरचं गाणं.

लोक गोंधळले आणि समीक्षकांना तर आयतं कोलीत मिळालं. दणक्यासाठी प्रसिद्ध असलेला बँड अचानक शेकोटीभोवती बसून गायला लागला, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, असा एकूण सूर होता.

या गोष्टीत गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण एक माणूस कायम बाजूला राहतो. बँडमध्ये दणका ज्याच्यामुळे होता, तो ड्रमर. जॉन बॉनम. बँडनं आवाज कमी करायचं ठरवलं तेव्हा त्यानं काय केलं?

कॉफीचे डबे आणि शेजाऱ्यांची डोकेदुखी

जॉन बॉनमचा जन्म ३१ मे १९४८ चा, इंग्लंडमधल्या रेडिच गावातला. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला असलेलं हे कारखान्यांचं गाव. वडिलांचं बांधकाम आणि सुतारकामाचं काम होतं. पाचेक वर्षांचा असताना हा पोरगा घरातले डबे आणि कॉफीचे टिन मांडून बडवायला लागला. समोर आदर्श कोण, तर जीन क्रुपा, बडी रिच, मॅक्स रोच. म्हणजे सगळे जॅझवाले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दहाव्या वर्षी आईनं एक स्नेअर ड्रम घेऊन दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी पूर्ण किट. कुठे शिकायला गेला नाही. दुसऱ्यांचं बघायचं, ऐकायचं आणि घरी येऊन बडवायचं.

१९६४ मध्ये शाळा संपली. दिवसा वडिलांच्या हाताखाली सुतारकाम आणि रात्री मिळेल त्या बँडमध्ये ड्रम. त्या काळात बर्मिंगहॅमच्या आसपास गल्लोगल्ली बँड होते, हा पठ्ठ्या त्यातल्या बऱ्याच बँडमधून फिरून आला. सगळीकडे तक्रार एकच, फार जोरात वाजवतो. क्लबवाले वाजवणं थांबवायला सांगायचे. ड्रमची कातडी फुटायची. आवाज अजून मोठा यावा म्हणून तो बेस ड्रमच्या आत ॲल्युमिनियमची फॉइल लावायचा असंही सांगतात.

याच धावपळीत लग्न झालं. जुलै १९६६ मध्ये मुलगा जेसन झाला तेव्हा बाप अठरा वर्षांचा होता. राहायला कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडतात तसं चाकांवरचं छोटं घर. पैशांची कायम ओढाताण.

मधल्या काळात एका बँडमध्ये त्याची गाठ रॉबर्ट प्लांटशी पडली. प्लांटही त्याच भागातला. दोघं भांडायचे, वेगळे व्हायचे, परत एकत्र यायचे. 'बँड ऑफ जॉय' नावाचा बँड दोघांनी केला, तोही १९६८ मध्ये मोडला. मग बॉनम टिम रोझ या अमेरिकन गायकाच्या दौऱ्यावर ड्रमर म्हणून गेला. आठवड्याला ४० पौंड मिळत होते. त्याच्यासाठी ही आयुष्यातली पहिली धड नोकरी होती.

तिकडे लंडनमध्ये जिमी पेजचा जुना बँड 'द यार्डबर्ड्स' फुटला होता आणि तो नवीन माणसं जमवत होता. प्लांट सापडला. प्लांटनं बॉनमचं नाव सुचवलं. जुलै १९६८ मध्ये पेजनं त्याला उत्तर लंडनच्या एका क्लबमध्ये वाजवताना बघितलं आणि विषय संपला.

म्हणजे पेजच्या बाजूनं संपला. बॉनम काही हो म्हणेना. नवीन बँडचा काय भरवसा? हातात पगार आहे, घरी पोरगं आहे. जो कॉकर आणि ख्रिस फार्लोकडूनही बोलावणं होतं. बॉनमकडे फोन नव्हता, त्यामुळे प्लांट आणि मॅनेजर पीटर ग्रँट यांनी तारांचा सपाटा लावला. तो ज्या पबमध्ये बसायचा त्या पबच्या पत्त्यावर तारा. किती, तर प्लांटच्या आठ आणि ग्रँटच्या चाळीस असा आकडा आजही सांगितला जातो. शेवटी तो तयार झाला, कारण यांचं संगीत त्याला कॉकर आणि फार्लोपेक्षा जास्त आवडलं होतं. बेस वाजवायला जॉन पॉल जोन्स होताच. ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका तळघरात चौघं पहिल्यांदा एकत्र वाजले.

एका पायाची कमाल

पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला. पहिल्याच गाण्यात, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मध्ये, बॉनमनं बेस ड्रमवर एकाच पायानं असे तुकडे वाजवले की ऐकणाऱ्या ड्रमरना वाटलं याच्याकडे दोन बेस ड्रम असणार. नव्हते. एक पाय, एक पेडल.

लोकांना अल्बम आवडला. 'रोलिंग स्टोन' मासिकाला आवडला नाही, त्यांनी धुतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरा अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत त्यानं बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला पहिल्या नंबरवरून खाली ढकललं. तरी समीक्षकांचं म्हणणं तेच राहिलं. नुसता आवाज आहे, यात संगीत कमी आणि बडवाबडवी जास्त.

ही टीका सगळ्यात जास्त कुणाला चिकटली असेल तर बॉनमला. त्याला कारणंही होती. त्याच्या किटमधला बेस ड्रम २६ इंचांचा होता, तेव्हाच्या हिशेबानं अवाढव्य. कार्यक्रमात 'मोबी डिक' सुरू झालं की बाकीचे तिघं स्टेजवरून निघून जायचे आणि हा एकटा वीस वीस मिनिटं वाजवायचा. मध्येच काठ्या टाकून नुसत्या हातांनी. हात सोलवटायचे. अशा माणसाची ओळख रानदांडगा अशी होणारच.

पण नीट ऐकलं की दुसरीच गोष्ट दिसते. तो ड्रमची कातडी घट्ट ताणून सूर वर ठेवायचा आणि आत कांबळी, उशा कोंबून आवाज दाबायचा नाही. त्यामुळे ड्रम घुमायचा. घुमणाऱ्या वाद्यावर भराभर वाजवलं तर सगळा काला होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही पखवाजियाला सांगायला नको. दोन ठोक्यांमध्ये जागा सोडावी लागते. बॉनम ती जागा सोडायचा, किंचित उशिरा यायचा आणि तो उशीर इतका पक्का असायचा की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायचा. जॅझवाल्यांना ऐकत मोठं झाल्याचा हा फायदा.

विजेविना घर

१९७० च्या वसंतापर्यंत बँड पार दमला होता. दीड वर्षात दोन अल्बम आणि अमेरिकेचे एकामागून एक दौरे. प्लांटला लहानपणी सुट्टीत बघितलेलं वेल्समधलं एक जुनं घर आठवलं. नाव ब्रॉन-यर-आयर. डोंगरात, ना वीज, ना नळ. पेज आणि प्लांट तिथे जाऊन राहिले. वीज नाही म्हटल्यावर इलेक्ट्रिक गिटारचा प्रश्नच मिटला. चुलीजवळ बसायचं, लाकडी गिटार वाजवायची, सुचेल ते टेपरेकॉर्डरवर टिपायचं.

बॉनम तिथे नव्हता. मोकळा वेळ मिळाला की तो घरी जायचा, बायको आणि पोराकडे. पुढे हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुनाट, गळक्या वाड्यात चौघं जमले तेव्हा पेज आणि प्लांटनं त्याच्यासमोर ही गाणी ठेवली. आता ड्रमरनं काय करायचं? दहापैकी तीन गाण्यांत तर ड्रमकिटला कामच नव्हतं. 'फ्रेंड्स', 'दॅट्स द वे' आणि शेवटचं 'हॅट्स ऑफ'. दुसरा एखादा ड्रमर रुसून बसला असता, किंवा हळू गाण्यावर जोरात वाजवून वाट लावली असती.

बॉनमनं काय केलं ते एकेका गाण्यात ऐकता येतं.

'गॅलोज पोल' हे फाशीच्या दोरावरच्या माणसाचं जुनं लोकगीत आहे. अमेरिकेत ते लेडबेली या कृष्णवर्णीय गायकानं लोकांपर्यंत नेलं होतं. गाणं एका गिटारवर सुरू होतं. मग मँडोलिन येतं. मग बँजो, जो पेजनं पूर्वी कधी वाजवला नव्हता. दोनेक मिनिटं होतात तरी ड्रमचा पत्ता नाही. फाशीची वेळ जवळ येत जाते आणि तेव्हा कुठे बॉनम आत येतो. आल्यावर गाणं जे धावत सुटतं ते शेवटपर्यंत थांबत नाही. तो पहिल्यापासून वाजत असता तर त्या धावण्याला काही अर्थच उरला नसता. भजनात पखवाज आणि टाळ हळूहळू चढत जातात, बुवा शेवटी द्रुत लयीत नेतात, तसा हा प्रकार आहे.

'टँजरीन'मध्येही तेच, जरा सौम्य. ड्रम उशिरा येतात आणि आले तरी दबकत येतात.

आणि मग ते कुत्र्याचं गाणं, 'ब्रॉन-वाय-आर स्टॉम्प'. प्लांटच्या स्ट्रायडर नावाच्या कुत्र्यासाठी लिहिलेलं. (घराच्या वेल्श नावातलं एक अक्षर रेकॉर्डच्या पाकिटावर छापताना गळलं, ते तसंच राहिलं.) या गाण्यात बॉनम पायानं ठेका धरतो आणि हातात घेतो चमचे. हो, जेवायचे चमचे. इंग्लंड-आयर्लंडच्या पबमध्ये दोन चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर वाजवायची जुनी पद्धत आहे. सोबत कॅस्टानेट्स, म्हणजे आपल्या चिपळ्यांची स्पॅनिश बहीण म्हणा. २६ इंची बेस ड्रमवाला माणूस चमचे वाजवतोय आणि लय तेवढीच ठाम आहे. माझ्या मते त्याच्या पूर्ण कारकिर्दीचं मर्म समजून घ्यायला 'मोबी डिक'च्या वीस मिनिटांपेक्षा ही चार मिनिटं जास्त उपयोगी आहेत.

याच रेकॉर्डवर 'आउट ऑन द टाइल्स' हे दणकेबाज गाणंही आहे. त्याचं मूळ बॉनमच्या गुणगुणण्यात आहे. पबला जाता जाता तो स्वतःशीच काहीतरी म्हणायचा, त्यावरून पेजनं धून बांधली आणि गाण्याच्या श्रेयात बॉनमचं नाव लागलं. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या संथ ब्लूजमध्ये तर हेडफोन लावलात तर एक कुरकुर ऐकू येईल. बॉनमच्या बेस ड्रमच्या पेडलला तेल घालायचं राहिलं होतं. जगभरातले ड्रमर ती कुरकुर आज प्रेमानं ऐकतात.

समीक्षकांना नेमकं काय खुपलं?

रेकॉर्डची आगाऊ मागणीच प्रचंड होती. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे ती पहिल्या नंबरवर गेली. पण आधीच्या दोन रेकॉर्ड जशा महिनोन् महिने खपत राहिल्या, तशी ही राहिली नाही, लवकर खाली आली. आणि परीक्षणं आली ती कुठे गोंधळलेली, कुठे कुचकट.

एक आरोप असा होता की हे क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंगची नक्कल करतायत. या चौकडीचा अल्बम त्याच वर्षी मार्चमध्ये येऊन गाजला होता आणि लाकडी गिटार, एकत्र गळे ही तेव्हाची फॅशन होती. पेजला हा आरोप फार झोंबला. त्याचं म्हणणं सरळ होतं, आमच्या पहिल्या दोन्ही अल्बमवर लाकडी गिटार आहेच, तुम्ही ऐकलं नाही. यात तथ्य होतं. पहिल्या अल्बमवरचं 'ब्लॅक माउंटन साइड' ऐका, त्यात तर तबलाही आहे.

'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज या नावाजलेल्या समीक्षकानं लिहिलं. त्याचा सूर गमतीशीर होता. या बँडशी आपलं प्रेम आणि राग असं दोन्ही नातं आहे, हे त्यानं मान्य केलं. हळू गाण्यांपैकी बरीचशी त्याला जुनाच माल आवाज कमी करून दिल्यासारखी वाटली. 'दॅट्स द वे' मात्र त्याला मनापासून भिडलं आणि ते त्यानं लिहिलं. म्हणजे सरसकट शिव्या नव्हत्या. पण बँडला लक्षात राहिल्या त्या शिव्याच.

इथे एक उलटा किस्सा आठवतो. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन लाकडी गिटार सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तर प्रेक्षकांतून हुर्यो झाली. तेव्हा राग होता की लोकसंगीत सोडून गोंगाटाकडे का गेलास. पाच वर्षांनी झेपलिनवर राग, की गोंगाट सोडून लोकसंगीताकडे का गेलात. डिसेंबर १९६९ मध्ये इंग्लंडच्याच 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'नं जुनी इंग्लिश लोकगीतं रॉकच्या ठेक्यावर आणली, त्यांना मात्र वाहवा मिळाली. मला वाटतं फरक इतकाच होता की झेपलिनला समीक्षकांनी आधीच एका खोक्यात टाकलं होतं. खोक्यावर लिहिलं होतं, मोठा आवाज. आवाज काढून घेतला तर आत काहीच उरणार नाही, अशी त्यांची खात्री होती. बॉनमचे चमचे त्यांनी ऐकलेच नसावेत.

पेज इतका चिडला की पुढे जवळपास दीड वर्ष त्यानं मुलाखती देणं बंद केलं. पुढचा अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये आला तो नावाशिवाय. पाकिटावर बँडचंही नाव नाही. आता नावाशिवाय ऐका आणि सांगा, असा तो हट्ट. चौघांनी आपापली चिन्हं निवडली. बॉनमनं एका जुन्या चिन्हांच्या पुस्तकातून एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं घेतली, आई, वडील आणि मूल. ते चिन्ह उलटं धरलं तर एका बिअर कंपनीच्या लोगोसारखं दिसतं, यावर बाकीचे तिघं त्याला चिडवायचे.

आता खरी गंमत. हा चौथा अल्बम एकट्या अमेरिकेत २ कोटींहून जास्त खपला आणि समीक्षकांनीही मान डोलावली. पण त्यात आहे काय? तिसऱ्या अल्बमवर ज्यासाठी मार खाल्ला तेच, फक्त अजून पिकलेलं. 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये ड्रम नाहीत, मँडोलिन आहे आणि प्लांटसोबत गायला सँडी डेनी आहे, जी त्याच 'फेअरपोर्ट'ची गायिका होती. 'गोइंग टू कॅलिफोर्निया'मध्ये ड्रम नाहीत. आणि 'स्टेअरवे टू हेवन'? आठ मिनिटांचं गाणं. बॉनम पहिली चार मिनिटं गप्प बसतो. चार मिनिटं उलटल्यावर आत येतो. 'गॅलोज पोल'ची युक्ती, तीच, दुप्पट मोठी केलेली.

त्याच अल्बमवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. हेडली ग्रेंजच्या प्रवेशाच्या हॉलमध्ये, मोठ्या जिन्याच्या तळाशी बॉनमचं किट मांडलं आणि अँडी जॉन्स या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं जिन्यावर वरती दोनच माइक लावले. जवळ एकही नाही. वाड्याच्या भिंतींवरून घुमून आलेला जो आवाज टिपला गेला, तो पुढे बीस्टी बॉइजपासून बियॉन्सेच्या २०१६ च्या 'लेमनेड' अल्बमपर्यंत कित्येकांनी उचलला. नीट मोजलं तर त्यात ठोके फार कमी आहेत.

बॉनमशिवाय मुंबईत

या गाण्यांचा आपल्याशीही एक धागा आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबमध्ये ते इथल्या पोरांसोबत वाजलेसुद्धा. आणि इथल्या स्टुडिओत मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी रेकॉर्ड केली. एक 'फ्रेंड्स', तेच ड्रमकिट नसलेलं, ज्यावर नाकं मुरडली गेली होती. दुसरं 'फोर स्टिक्स', चौथ्या अल्बमवरचं, ज्यात बॉनम प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या घेऊन वाजवतो. पाच आणि सहा मात्रांमध्ये उड्या मारणारं हे गाणं खुद्द बँडलाही रेकॉर्ड करताना जड गेलं होतं.

या सफरीत बॉनम नव्हता. त्याच्या जागी इथला तालवाद्यांचा ठेका आहे. रेकॉर्डिंग चाळीसहून जास्त वर्षं पडून राहिलं आणि २०१५ मध्ये 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आलं. दोन्ही गाणी ऐकल्यावर कळतं की 'फ्रेंड्स' बॉनमशिवाय उभं राहतं, कारण ते तसंच बांधलं होतं. 'फोर स्टिक्स'मध्ये मात्र त्याची जागा रिकामी वाटते.

स्टेजवरचा आणि घरचा

पुढची काही वर्षं म्हणजे झेपलिनचं राज्य. मे १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे एका कार्यक्रमाला ५६ हजारांहून जास्त लोक आले आणि बीटल्सचा विक्रम मोडला. १९७५ मध्ये 'कश्मीर' आलं. नाव कश्मीर असलं तरी सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. त्यात गिटार तीनच्या हिशेबात फिरते आणि बॉनम चारच्या हिशेबात सरळ चालतो, बाराव्या मात्रेनंतर दोघं समेवर भेटतात. श्रेयात त्याचंही नाव आहे. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये पाच रात्री कार्यक्रम झाले, त्यात चौघं खुर्च्या मांडून बसले आणि लाकडी गिटारवाली गाणी वाजली. बॉनम पुढे येऊन बसला, कॅस्टानेट्स वाजवली, गळाही लावला.

घरी तो वेगळा होता. वूस्टरशरमध्ये शेत घेतलं होतं, हेरफर्ड जातीची गुरं पाळली होती, मुलाला छोटं ड्रमकिट करून दिलं होतं. १९७५ मध्ये मुलगी झाली. घर सोडून महिनोन् महिने दौऱ्यावर जाणं त्याला जमत नव्हतं आणि विमानाची भीती वाटायची. त्यावर त्यानं शोधलेला उपाय म्हणजे दारू. प्यायला की दुसराच माणूस बाहेर यायचा. तो मारामाऱ्या करायचा, हॉटेलांत तोडफोड करायचा. जुलै १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आयोजकांच्या माणसाला झालेल्या मारहाणीत त्याच्यावर, मॅनेजर ग्रँटवर आणि आणखी दोघांवर खटला झाला. दोषारोप त्यांनी लढवला नाही. मोठा कलाकार म्हणून हे झाकायची पद्धत आहे, पण मार खाणाऱ्याला त्याचं काय?

त्याच आठवड्यात प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारानं गेला. दौरा तिथेच थांबला. अंत्यविधीला प्लांटच्या शेजारी बॉनम उभा होता. पेज आणि जोन्स आले नव्हते. प्लांट परत गायला उभा राहिला त्यात बॉनमचा वाटा मोठा होता, असं प्लांटनंच नंतर अनेकदा सांगितलंय.

२७ जून १९८०, न्यूरेमबर्ग. तिसऱ्या गाण्यानंतर बॉनम कोसळला, कार्यक्रम बंद करावा लागला. ७ जुलैला बर्लिनमध्ये वाजवलं, तो या चौघांचा शेवटचा कार्यक्रम. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा दौरा ठरला होता. २४ सप्टेंबरला तालमीला जाताना त्यानं सकाळी सकाळी व्होडका सुरू केली आणि दिवसभर थांबला नाही. रात्री विंडसरजवळच्या पेजच्या घरी त्याला झोपवलं. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. झोपेत उलटी होऊन श्वास कोंडला. चौकशीत निघालं की २४ तासांत त्यानं व्होडकाचे सुमारे ४० पेग घेतले होते. अपघाती मृत्यू असा निकाल लागला. वय ३२.

नवीन ड्रमर घ्या, असं बाहेरून सांगणारे खूप होते. नावंही चर्चेत होती. ४ डिसेंबर १९८० ला बँडनं छोटं निवेदन काढलं की आता पुढे चालू ठेवता येणार नाही. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनामध्ये ते एका रात्रीसाठी परत पूर्ण कार्यक्रम वाजले तेव्हा ड्रमवर जेसन बॉनम होता.

ज्या 'रोलिंग स्टोन'नं पहिला अल्बम धुतला होता, त्याच मासिकानं २०१६ मध्ये शंभर सर्वोत्तम ड्रमरची यादी केली आणि पहिल्या नंबरवर बॉनमला ठेवलं. तिसऱ्या अल्बमबद्दलचं मतही दरम्यान पार फिरलंय. तेव्हा ज्या बाजूला नावं ठेवली, ती दुसरी बाजूच आज अनेकांना जास्त आवडते.

२०१८ मध्ये, त्याच्या सत्तराव्या जन्मदिवशी, रेडिचमध्ये त्याचं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं. त्याची समाधी मात्र गावापासून थोडी लांब, रशॉकच्या छोट्या चर्चच्या आवारात आहे. जगभरातून ड्रमर तिथे जातात आणि दगडाशी ड्रमच्या काठ्या ठेवून येतात.